जित्या माणसाला भुईवर

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध फिजिओथेरपिस्ट बाई राहत. अर्धांगाने आडव्या झालेल्या माणसांना उभे करण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती. त्यांच्या हाताखाली नुकतीच पदवी घेतलेली एक शिष्या होती. बुद्धीने तीक्ष्ण, जिभेने त्याहून.

शिष्येकडे एक वायरमन उपचाराला होता. जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला, आता डावी बाजू गेलेली. बायको वारलेली, मूलबाळ नाही. सांभाळायला आलेली बहीण सोमवारी आपल्या घरी परतणार होती. पुढे तो आणि त्याची एक खोली. शिष्येने तीन महिने घाम गाळून त्याला काठीवर वीस पावले चालते केले. शनिवारी त्याच्या खोलीत तिने ती पावले मोठ्या अभिमानाने बाईंना दाखवली.

बाईंनी पाहिले. शाबासकी दिली नाही. म्हणाल्या, "यांना फरशीवर निजवा."

बहीण किंचाळलीच. "अवं बाई, जित्या माणसाला खाली घेता? शेवटच्या घटकेला घेत्यात माणसाला भुईवर!"

वायरमन कसनुसा हसला. "तुळशीपत्र आणलंय का, का नुसतंच?" पण काठी त्याने आणखी घट्ट धरली.

"तीन महिने मी यांना वर उचलतेय," शिष्या कडाडली, "आणि तुम्ही एका क्षणात खाली घालताय!"

बाईंनी स्वतः त्याला धरून अलगद निजवले आणि म्हणाल्या, "आता उठा."

त्याला उठता येईना. डावा हात अंगाखाली सापडला, मान वर होऊन पुन्हा आपटली. तो मुकाट्याने रडू लागला. शिष्या धावली, तर बाईंनी हात आडवा घातला.

"माझ्या वडिलांनाही अर्धांगवायू झाला होता," त्या म्हणाल्या. "मी तुझ्याएवढीच, तुझ्यासारखीच हुशार. दोन महिन्यांत मी त्यांना गल्लीतून चालवले. लोक दारात येऊन बघत. मग मी तीन दिवस परगावी शिबिराला गेले. घरी ते एकटेच, स्वयंपाकघरात पडले. हाड मोडले नव्हते, नुसते पडले होते. पाण्याचा माठ चार हातांवर होता. मी परतले तेव्हा फरशीवर कोपराचे ओरखडे निम्म्या वाटेपर्यंत गेलेले दिसले. माझ्या वडिलांना शेवटच्या घटकेला कोणाला खाली घ्यावे लागले नाही. चालणारा माणूस कधी ना कधी पडतोच, पोरी. मी त्यांना चालवले. उठायला शिकवलेच नाही."

"मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?" शिष्येचा आवाज चिरकला. "यांचे तीन महिने गेले! आता उरले दोन दिवस!"

"लाज वाटते," बाई म्हणाल्या. "अजून."

शिष्येने ओढणी कमरेला खोचली आणि वायरमनशेजारी गार फरशीवर आडवी झाली. बहिणीने डोळ्यांना पदर लावला.

"काका, छताकडे नका बघू, माझ्याकडे बघा. आधी उजव्या कुशीवर. मग कोपर."

सोमवारपर्यंत त्या खोलीत कोणी काठीला हात लावला नाही.