ओताऱ्याची मोहरी

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक ओतारी राहत होता. कोळ्यांच्या जाळ्यांना लावायच्या शिशाच्या गोळ्या ओतायच्या, हे त्याचं काम. भट्टीची राख आणि शिशाचा मळ तो तीस वर्षं गावच्या शेतांत टाकत आला. त्यात काही वाईट आहे हे ना त्याला ठाऊक होतं, ना गावाला.

पुढे गुरं खंगू लागली. पोरांच्या पोटात कळा येऊ लागल्या. एका वैद्यांनी माती पाहून सांगितलं, "या जमिनीत शिसं मुरलंय. इथलं पिकलेलं खाऊ नका."

गाव उठून नदीपल्याड गेलं. ओताऱ्याची लेक गोजराही निघाली. म्हणाली, "आबा, चला."

"घाण मी केली. ती टाकून कसा येऊ?"

त्याने वैद्यांना उपाय विचारला. ते म्हणाले, "मोहरी पेरा. ती शिसं ओढून घेते, थोडं थोडं. दरवर्षी मुळासकट उपटा आणि चुन्याच्या पक्क्या खड्ड्यात पुरा. पान कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका. वर्षं लागतील."

ओतारी पेरत राहिला, उपटत राहिला. गोजरा आठवड्याला नदीच्या उतारावर ज्वारी ठेवून जाई. आपल्या तान्ह्या पोराला बाधेल या भीतीने अलीकडच्या काठावर पाऊल टाकत नसे. दिवसच्या दिवस बोलायला कुणी नसे. कधी कधी तो नुसता खाकरून बघे, आवाज आहे की गेला म्हणून.

पाचव्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. ओताऱ्याने नदीच्या कोरड्या पात्रात झरा खणून, घागरी वाहून मोहरी जगवली. पल्याड सगळं करपलं होतं. एके सकाळी पाटील चार माणसं घेऊन आले आणि त्याच्या ओट्यावर बसले. पाच वर्षांत पहिल्यांदा तिथे माणसं बसली होती. त्याने लगबगीने पाणी आणलं.

"ओतारीबुवा, झालं गेलं सोडा," पाटील म्हणाले. "पोरं उपाशी आहेत. ही भाजी खुडू द्या. मग तुम्हीही पल्याड चला, आमच्यात राहा."

दोन दिवस खाल्ल्याने काय होतंय, असं ओताऱ्याच्या मनात येऊन गेलं. मग तो म्हणाला, "पाटील, जमिनीतलं विष आता पानांत आहे. ही भाजी मी देणार नाही. माझी ज्वारी आहे, ती न्या. पल्याडचीच आहे."

"आधी जमीन नासवलीस, आता पोरांच्या तोंडचा घास काढतोस," एकजण म्हणाला. पाण्याला हात न लावता सगळे उठून गेले. ज्वारीही कुणी नेली नाही.

माणसं पुन्हा येतील या धास्तीने ओताऱ्याने दोन दिवसांत सगळं शेत एकट्याने उपटलं आणि पुरलं. पण त्या सकाळी जाताना पाटलांच्या माणसांतल्या एकाने मोहरीची पेंढी उपटून नेलीच होती. त्याने ती शेळीला घातली. आठवड्याभरात शेळी झटके येऊन मेली.

पाटील एकटेच परत आले. खाली मान घालून म्हणाले, "शेळी गेली."

"पोरांनी तर खाल्लं नाही ना?"

"नाही."

ओतारी खाली बसला आणि रडू लागला. पाटीलही त्याच्याजवळ बसले.

पुढच्या हंगामापासून माणसं मोहरी उपटायला येऊ लागली. दिवस कलला की मात्र पल्याड परतत. ओताऱ्याच्या संध्याकाळी एकट्याच राहिल्या, आणखी बारा वर्षं.

मग एकदा मातीत गांडुळं दिसली. वैद्यांनी पीक घ्यायला हरकत नाही म्हटलं, तरी पहिल्या वर्षीची ज्वारी ओताऱ्याने एकट्यानेच खाल्ली. वर्षभर काही झालं नाही, तेव्हा त्याने गोजराला निरोप धाडला.

ती आली, तिचा आता मिसरूड फुटलेला मुलगाही आला. तिने त्या शेतातल्या ज्वारीची भाकरी थापली, पहिली मुलाच्या ताटात वाढली आणि म्हणाली, "आबा, आज आम्ही इथेच राहतो."

तात्पर्य एवढंच: आपल्या हातून बिघडलेलं आपणच निस्तरावं, आणि एकटं पडण्याच्या भीतीने कुणाच्या ताटात विष वाढू नये.