चारच सह्या राहिल्या होत्या

एका गावात, फार पूर्वीच्या नाही, अलीकडच्याच काळात, संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी एक मंडळी होती. लिहायची आणि गावाला फुकट वाटायची. दवाखान्यातल्या नर्सबाईसुद्धा त्यांच्याच प्रोग्रामवर बघायच्या, कुठल्या बाळाला कुठली लस कधी द्यायची ते.

एकदा मंडळीच्या प्रमुखाने ठरवलं, प्रोग्राममध्ये साठलेली गावाच्या आजारपणाची सगळी माहिती एका औषध कंपनीला देऊन टाकायची. का, तर म्हणे कंपनी मोठी आहे!

मंडळीतल्या एका तरुणाला हे पटलं नाही. आणि त्याचं बरोबरच होतं, हो.

"दादा, लोकांना न विचारता त्यांची दुखणी बाहेर द्यायची?"

"बघू," प्रमुख म्हणाला.

दुसऱ्यांदा गेला. "बघू." तिसऱ्यांदाही तेच. अशा माणसापुढे डोकं तरी किती आपटायचं!

मंडळीचा एक रिवाज होता. हरकतीच्या कागदावर सोमवारपर्यंत दहा गावकऱ्यांच्या सह्या झाल्या, तर प्रमुखाला काम थांबवावंच लागे. तरुण दारोदार फिरला. सहा सह्या झाल्या. मग वैतागला.

आणखी एक रिवाज होता. प्रोग्रामचा जो तुकडा ज्याने लिहिला, तो त्याने हवा तेव्हा काढून घ्यावा. बाळांच्या लसीचे दिवस मोजणारा तुकडा या तरुणाचा. "आता कळेल दादाला," म्हणाला, आणि घेतला काढून. अरे बाबा, चारच सह्या राहिल्या होत्या ना!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात लसीचा वार. लांबच्या वाडीवरून बाया लेकरं घेऊन चालत आल्या. प्रोग्राम काही उघडेना.

"मागची लस कधी दिली ते दिसल्याशिवाय टोचू कशी गं?" नर्सबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांना परत जायला सांगितलं.

तेवढ्यात तरुण कागद घेऊन तिथेच आला आणि लेकरू कडेवर घेतलेल्या एका बाईला म्हणाला, "वहिनी, तुमची सही आहेच. या बाकीच्यांनाही सांगा ना करायला."

"भांडण तुझं प्रमुखाशी ना रे भाऊ? मग उन्हात माझं लेकरू का?" ती बाई म्हणाली. तिने पेन मागून घेतलं आणि आपली सही खोडली.

तरुणाने धावत जाऊन तुकडा परत बसवला. पण बाया निघून गेल्या होत्या, आणि मग कोणी सही करायला तयार होईना. सोमवारी कागदावर पाचच सह्या. प्रमुखाने माहिती पाठवून दिली. आणि एकदा गेलेली माहिती परत बोलावता येत नाही.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: जो ऐकत नाही त्याच्याशी जरूर भांडावं. पण ज्यांच्यासाठी भांडतो त्यांचंच काम अडवलं, तर आपल्या बाजूने उभं राहायला उरतं कोण?