पायरीवरची सगुणा

प्रवरेच्या काठी पिंपळदरा नावाचे एक लहानसे गाव होते. एका वर्षी सुगी आटोपल्यावर सत्त्वाबा महाराज तेथे आठ दिवस मुक्कामाला आले. महाराज येशूचे भक्त. खांद्यावर घोंगडी, हातात एकतारी आणि मुखी प्रभूचे नाव, एवढाच त्यांचा संसार. ख्रिस्ती वस्तीच्या देवळासमोर लिंबाखाली ते भजनाला बसले की वरच्या आळीतली माणसेही येऊन गुपचूप मागे बसत.

कथा महाराजांची आहे, पण ती शमुवेल मास्तरांच्या बाजूने सांगावी लागते. कारण तिच्यात चुकले ते मास्तर, आणि चुकणारा माणूस आपल्याला ओळखीचा वाटतो.

मास्तर काही वाईट गृहस्थ नव्हते बरे! ज्या वस्तीतल्या लेकरांना कोणी शाळेच्या ओट्यावर उभे करत नसे, त्या वस्तीला त्यांनी तीस वर्षे राबून अक्षरओळख करून दिली. त्यासाठी त्यांनी मंडळीत एक नियमच घातला होता. ज्याला शास्त्रातला एक उतारा सर्वांसमोर वाचता येईल, त्यानेच प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूच्या मेजाशी भाकर आणि प्याला घ्यायला, बसायचे. त्या एका नियमापायी साठीतले म्हातारेसुद्धा पाटी घेऊन बसले. नियम चांगला होता, पण त्या नियमाचा मास्तरांना फार अभिमान झाला.

त्या नियमात सगुणा अडकली. लहानपणी देवी आल्या आणि तिचे दोन्ही डोळे गेले. घायपाताचे दोर वळून ती पोट भरी, आणि गावातल्या बहुतेक मोटांना तिचाच दोर असे. दर तीन महिन्यांनी तालुक्याहून पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला येत. त्या दिवशी सगुणा धुतलेले लुगडे नेसून देवळाशी येई आणि विचारी,

"मास्तर, आज तरी?"

"वाचता येतं का तुला?"

"न्हाई, मास्तर."

"मग बस पायरीवर."

ती पायरीवर बसे. आत भाकर मोडली जाई, प्याला फिरे, आणि ती बाहेर हात जोडून ऐकत राही. अशी अकरा वर्षे गेली.

आता मास्तरांची गोष्ट ऐका. गेली तीन वर्षे त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांपुढे धुके दाटले होते. आधी अक्षरे गेली, मग माणसांचे चेहरे गेले. ही गोष्ट एकट्या मार्थाबाईंना, त्यांच्या पत्नीला, ठाऊक होती. दर शनिवारी दुपारी दार लोटून त्या रविवारचा उतारा मोठ्याने वाचत आणि मास्तर तो पाठ करत. रविवारी ते पुस्तक उघडे धरून घडाघडा म्हणत. मंडळी म्हणे, काय वाचतात मास्तर! एक कानामात्रा चुकत नाही!

महाराजांच्या मुक्कामाचा सहावा दिवस होता. भजन संपल्यावर सगुणेने महाराजांचे पाय चाचपून मस्तक टेकवले आणि ती हुंदका देऊन म्हणाली, "बाबा, दुसरं काय बी नगं. येकदा मेजाशी बसू द्या."

महाराजांनी मास्तरांकडे पाहिले. "मास्तर, परवा पाळकसाहेब येतील. हिचं नाव सांगाल?"

"नियम मोडता येत नाही, महाराज." मास्तर हसले. "आणि हिच्या हातात पुस्तक देऊन करायचं काय? दोर वळेल त्याचा! कुणाच्या तरी पापाची शिक्षा आहे हे आंधळेपण. आईबापांच्या नाहीतर हिच्या स्वतःच्या."

चारचौघे हसले. सगुणा मान खाली घालून बसली.

महाराज शांतपणे म्हणाले, "येशूने जन्मांधाला दृष्टी दिली तो अध्याय वाचता का जरा?"

तो अध्याय मास्तरांना तोंडपाठ! त्यांनी ऐटीत पुस्तक उघडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. चार ओळी झाल्या असतील, तोच महाराज उठले, जवळ गेले आणि मास्तरांच्या हातातले पुस्तक त्यांनी हळूच फिरवून सुलटे केले. त्यांच्या पाठीमुळे ते कुणाला दिसले नाही. आपण ते उलटे धरले होते, हे मास्तरांना कळले.

"मास्तर," महाराज अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "प्रभूकडे तुम्हाला काही मागायचं आहे का? आत्ता मागा. मी इथेच आहे."

अरेरे! एक शब्द बोलायचा होता. पण मास्तर आपल्या खोट्याला चिकटून राहिले. मोठ्याने म्हणाले, "मला काय कमी आहे? मला सगळं स्वच्छ दिसतं!"

महाराजांच्या डोळ्यांत पाणी आले. "तसं असेल तर तुमच्यासाठी मला काही करता येत नाही," एवढेच ते म्हणाले.

मग ते खाली बसले, मातीवर थुंकले, त्या मातीचा लेप करून त्यांनी सगुणेच्या डोळ्यांवर लावला. "जा बाई, नदीवर धुऊन ये."

सगुणा काठी टेकत गेली, आणि येताना तिच्या हातात काठी नव्हती! ती धावत येत होती, मध्येच थांबून लिंबाचे खोड पाहत होती, बायांचे चेहरे दोन्ही हातांत धरून पाहत होती. "ही वेणूबाई व्हय? आन ह्यो देवळाचा दरवाजा?" सारी वस्ती रडत होती, हसत होती. महाराज मात्र तेवढ्यात घोंगडी उचलून नदीपलीकडच्या गावी निघून गेले होते. कौतुक करून घेण्याची त्यांना सवय नव्हती.

आणि मास्तर? त्यांना तो आनंद सोसवेना. ते पुढे झाले आणि म्हणाले, "दिसायला लागलं म्हणतेस? मग वाच हे!" त्यांनी पुस्तक पुढे केले.

ते त्यांनी सगुणेच्या पुढे केले नव्हते, तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेपुढे केले होते. सगुणा त्यांच्या डोळ्यांकडे पाहतच राहिली. चाळीस वर्षे आंधळेपण काढलेल्या बाईला आणखी काय सांगावे लागते! तिला सारे कळले. ती मुकाट्याने एक पाऊल सरकली आणि तिने पुस्तक घेतले. पाने पाहिली. तिच्या लेखी ती काळ्या मुंग्यांची रांग होती.

"वाचाया येत न्हाई, मास्तर. अक्षर कदी बघितलंच न्हाई."

"ऐकलंत?" मास्तर म्हणाले. "दिसायला लागलं म्हणून नियम बदलत नाही."

एवढा चमत्कार समोर घडला, तरी मास्तर नियमच धरून बसले!

रविवारी पाळकसाहेब आले. सगुणा पुन्हा पायरीवर बसली. या वेळी तिला उघड्या दारातून पांढऱ्या कापडावरची भाकर दिसत होती. मार्थाबाई तिच्याकडे बघून पदराने डोळे पुसत होत्या.

पाळकसाहेबांनी त्या दिवशी ठरलेला उतारा बदलला. "मास्तर, आज प्रभूने सांगितलेला मोठ्या मेजवानीचा दाखला वाचा," ते म्हणाले.

मास्तर उभे राहिले आणि पुस्तक उघडले. पुढे फक्त धुके होते. पहिला शब्द काही केल्या आठवेना. कोणी खोकले, कोणी वळून पाहिले. आपली तीस वर्षांची अब्रू आता जाणार, हे मास्तरांना कळून चुकले.

तेवढ्यात पायरीवरून हलका आवाज आला. सगुणेने दाखल्याची सुरुवात म्हटली. एका धन्याने मोठी मेजवानी केली, पुष्कळांना बोलावणे धाडले. मग जणू आपल्याशीच पुटपुटत होती असे दाखवून ती गप्प झाली.

अकरा वर्षे मास्तरांच्याच तोंडून ऐकलेले ते शब्द होते! मास्तरांना धागा सापडला आणि ते पुढे म्हणू लागले. आमंत्रित आले नाहीत, धन्याला राग आला, त्याने चाकराला रस्त्यावर धाडले. कोणाला काही कळले नव्हते. असेच शेवटपर्यंत म्हणून ते खाली बसले असते, तर अब्रू शाबूत होती.

पण पुढचे वाक्य होते, आंधळ्यांना आत घेऊन ये. मास्तरांच्या तोंडून ते निघेना. त्यांनी पुस्तक मिटले.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "मला दिसत नाही. तीन वर्षं झाली, एक अक्षर दिसत नाही. पाठ करून म्हणतो. नियमानं पायरीवर मी बसायचं होतं."

भिंत चाचपत ते दारापर्यंत गेले, पायरीवर उतरले आणि सगुणेच्या पायांवर डोके ठेवले. "असं काय करता, मास्तर!" म्हणत तिने त्यांना उठवले आणि हात धरून आत नेले. त्या दिवशी पाळकसाहेबांच्या हातून तिने पहिल्यांदा प्रभूची भाकर घेतली. मास्तरांनी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मार्थाबाईंचा हात धरून मास्तर नदी उतरले. पलीकडच्या गावी एका कुडाच्या झोपडीत महाराज बसले होते.

"आलात?" महाराज जवळ येत म्हणाले. "आज तरी मागाल ना, मास्तर? बोला, डोळे हवेत?"

"डोळे नकोत, महाराज," मास्तर रडत म्हणाले. "ती अकरा वर्षं पायरीवर बसली. तिची ती वर्षं तेवढी तिला परत द्या."

महाराजांनी मास्तरांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, आणि ते स्वतःही रडू लागले.

"ते माझ्या हाती नाही, बाबा."

मास्तरांनी त्यांच्या पायांवर मस्तक ठेवले, आणि कितीतरी वेळ ते उचलले नाही.