कोरड्या ओढ्याचा घोट

फार मागची गोष्ट. डोंगराखाली एक नगर होतं आणि डोंगरावर रानातल्या माणसांचा एक पाडा. दोन्हीच्या मधून एक ओढा जायचा. पावसाळ्यात दुथडी भरायचा, उन्हाळ्यात नुसती वाळू.

राजाला नव्या महालासाठी ती वाळू हवी होती. पण ओढ्याला हात लावायचा नाही, असा जुना कायदा. मग प्रधानाने नवा लिहिला: बारा महिने वाहील तोच ओढा, बाकी सगळी जमीन.

राजा खूश झाला. म्हणाला, "फक्त पाड्याला विचारून या. विचारल्याशिवाय कायदा बदलायचा नाही, असा आजोबांनी त्यांना शब्द दिलाय."

विचारायला कितीसा वेळ लागतो, असं म्हणत प्रधान घोड्यावर बसला.

पाड्याची कारभारीण एक म्हातारी होती. तिने कायदा ऐकला आणि हसली. "बाबा, लगीन लावून आलास, आणि आता विचारतोस पोरगी पसंत आहे का?"

प्रधान ओशाळला. "तसं नाही, आजी. तुम्ही हो म्हणा, की मी निघालो."

"म्हणू की. पण ओढ्याचं पाणी भोपळ्याच्या एका तुंब्यातून सगळ्यांनी प्यायल्याशिवाय पाडा हो म्हणत नाही, आणि नाहीही म्हणत नाही. रीतच आहे आमची."

"या ओढ्याचं? अहो, इथे पाणी आहे कुठे?"

"बस तर खरं."

बायांनी वाळूत हातांनी खड्डा उकरला. त्याला झिरा म्हणायचे. तळाशी वाळू जराशी ओली, एवढंच. सगळे भोवती बसून राहिले. प्रधान उठायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. त्याचा घोडा मात्र ओढ्यात उतरला आणि खुराने वाळू उकरू लागला.

"चला, पाहुण्यांतल्या एकाला तरी समजलं!" एक बाई म्हणाली. सगळा पाडा हसला. प्रधानालाही हसू आवरेना.

हळूहळू पाणी साचलं. पहिलं गढूळ म्हातारीने उपसून टाकलं. मग नितळ आलं. तुंबा भरला. प्रधानाने घोट घेतला आणि थबकला.

"आजी, माझ्या परसातल्या विहिरीचं पाणी अगदी असंच लागतं!"

"लागणारच. उन्हाळाभर पाडा यावर जगतो, आणि उरलेलं वाळूखालून चालत तुमच्याकडे येतं. वरचं पांघरूण काढलंत, तर ऊन त्याला वाटेतच पिऊन टाकेल."

प्रधानाने कायद्याचा कागद घडी घालून कमरेला खोचला. "आता राजाला काय सांगू?"

"सांगतोस कशाला? घेऊनच ये. तुंबा मोठा आहे."

राजा आला. आधी कुरकुरला, मग जोडे काढून वाळूत बसला. प्यायला, आणि तिथेच नवा कायदा फाडला. महाल मातीचा झाला, जरा ठेंगणाही झाला. पण भर वैशाखात त्याच्या अंगणातली विहीर काठोकाठ होती, आणि पाड्यावरचे झिरेही.

प्रधान पुढे वरचेवर पाड्यावर जायचा. कायदा नसला, तरी नुसता घोटभर पाण्यासाठी. घोडा तर वाट सांगायच्या आधीच वळायचा.

तर तात्पर्य एवढंच, बाळांनो: ज्यांच्या पाण्याचा कायदा, त्यांना लिहिण्याआधी विचारावं, आणि विचारलं, की उत्तर पाझरेपर्यंत बसावं.