मंगलहत्तीने नाकारलेला घास

पूर्वी करंजवती नगरीत विजितसेन राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने हत्तीच्या कुळात जन्म घेतला होता. तो राजाचा मंगलहत्ती होता. त्याचे नाव पर्वतक, आणि दिसायलाही तो तसाच होता. अंगावर सोन्याच्या तारांची झूल, गळ्यात रुप्याची घंटा. तो रस्त्याने निघाला की करंजवतीचे लोक परगावच्या पाहुण्याला कोपराने ढोसून म्हणत, "पाहिलात? आमचा आहे!"

त्या राजघराण्यात एक चाल होती. रांधलेल्या प्रत्येक पदार्थाचा पहिला घास मंगलहत्तीपुढे ठेवायचा. त्याने खाल्ला की अन्न शुभ झाले, मग ते राजाच्या ताटात जाई. त्याने नाकारलेल्या अन्नाला वाड्यात कोणी हात लावत नसे. आणि राजाचे ताट कसे असावे, हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले होते. ते पांढरे असावे. पुन्हा पुन्हा कांडून शुभ्र केलेल्या तांदळाचा भात, तूप, खडीसाखरेची खीर. कोंडा गुरांचा, पाला शेळ्यांचा, नाचणी आणि कुळीथ नोकराचाकरांचे, अशी तिथली समजूत. या ताटाचा विजितसेनाला भारी अभिमान. पाहुणे जेवायला बसले की भाताचे झाकण तो मुद्दाम स्वतः उचली.

राजाला एकच मुलगी होती, सुमेखला. सात वर्षांची झाली तरी तिच्या पायांत बळ नव्हते. दासीच्या कडेवर बसून ती रोज हत्तीशाळेत येई आणि पर्वतकाच्या सोंडेला गाल लावून बसे. तिच्या हिरड्यांतून रक्त येई. बोलता बोलता तिला धाप लागे. अशाने पोर फार दिवस टिकणार नाही, असे राजवैद्याने स्पष्ट सांगितले. राजा घाबरला. मुलीवर त्याचा जीव होता, म्हणून त्याने खिरीत आणखी तूप घालायला सांगितले.

बोधिसत्त्व हे सारे पाहत होता. त्यालाही मानाने त्याच भाताचे गोळे मिळत, आणि हल्ली चढ चढताना त्याचे गुडघे थरथरत. नदीवर न्हायला गेल्यावर चोरून खाल्लेल्या गवताने आणि झाडपाल्याने काय ते त्याला तगवले होते. हत्तीशाळेच्या मागेच माहूत कंडुकाची झोपडी होती. त्याची पोरे दिवसभर अंगणात हुंदडत. त्यांची हाडे कशावर पोसली, हे चुलीच्या वासावरूनच पर्वतकाला कळे.

त्याच्या मनात आले, "भात वाईट नाही, पण नुसता भात या लेकराला पुरत नाही. आणि मी खातो म्हणून तिला तोच मिळतो."

दुसऱ्या सकाळी पांढरे ताट आले आणि पर्वतकाने तोंड फिरवले. कंडुकाने गोंजारले, विनवले. पर्वतक हलला नाही. दुपार झाली तरी वाड्यात कोणी जेवले नव्हते. अखेर राजा स्वतः आला. मागून आचारी आला आणि दासीच्या कडेवर सुमेखलाही आली.

राजा म्हणाला, "कंडुका, तुझ्या हत्तीला मस्ती आली आहे. आता खाल्लं नाही, तर याची झूल उतरव. उद्यापासून हा रानात ओंडके ओढील."

कंडुकाचा हात झुलीकडे जाईना. तेव्हा पर्वतकाने स्वतःच सोंड मागे नेली, झूल ओढून काढली आणि राजाच्या पायांशी ठेवली.

तो म्हणाला, "महाराज, झूल तुमची, ती घ्या. ओंडके मी आनंदानं ओढीन. पण या अन्नावर तुमची लेक वाळत चालली आहे. त्याला शुभ म्हणायला माझी सोंड उचलत नाही."

एवढे बोलून तो झोपडीकडे चालू लागला. कंडुकाची बायको भद्रिका दारात पोरांना वाढत होती. नाचणीची भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, कुळथाचे कढण आणि शेजारी मीठ लावलेले आवळे. पर्वतकाने भाकरीवर भाजी घेतली आणि सगळ्यांच्या देखत ती खाल्ली. मग कढण आणि आवळाही चाखला.

आचारी ओरडला, "शिव शिव! महाराज, ही माहुताची भाकरी!"

सुमेखला दासीच्या कडेवरून म्हणाली, "पर्वतकानं खाल्ली. म्हणजे शुभ झाली ना, बाबा? मग मला द्या. भूक लागली आहे."

राजा पेचात पडला. एक चाल पाळावी तर दुसरी मोडत होती. त्याने झाकलेल्या पांढऱ्या ताटाकडे पाहिले. मग मुलीच्या मनगटाकडे पाहिले. ते त्याच्या दोन बोटांत मावले असते.

"वाढ, भद्रिके," तो म्हणाला.

भद्रिकेने तिला मांडीवर घेतले. "लहान घास घे गं बाई माझी. सवय नाही, घशाला लागेल." पहिल्या घासाला मुलीने तोंड वाकडे केले. दुसरा तिने स्वतः उचलला.

त्या दिवसापासून राजाच्या ताटात भात राहिला, पण आता त्याचे तांदूळ पूर्वीइतके कांडलेले नसत, आणि शेजारी भाकरी, डाळ, कढण, पालेभाजी, आवळा आले. हिरड्यांतले रक्त थांबले. पावसाळ्यात सुमेखला पर्वतकाच्या सुळ्याला धरून उभी राहिली. सुगीच्या उत्सवात ती वाड्यापासून नदीपर्यंत आपल्या पायांनी चालत गेली. पर्वतक शेजारी चालत होता, अंगावर झूल नसलेला. राजाने ती परत देऊ केली होती, पण तिचे ओझे नको म्हणून त्याने ती घेतली नाही. पर्वतक भरल्या डोळ्यांनी मुलीची पावले पाहत होता, आणि आयुष्यात एवढा अभिमान त्याला कशाचाच वाटला नव्हता. रस्त्याच्या कडेला लोक पाहुण्यांना कोपराने ढोसत होते, "पाहिलीत? आमची आहे!"

विजितसेन पुढेही पाहुण्यांसमोर झाकण स्वतःच उचली. आता त्याखाली हिरवी भाजी असे.

ही कथा सांगून शास्त्यांनी, भिक्षूंच्या गुरूंनी, समोरच्या तिंदुक भिक्षूकडे पाहिले. पात्रातली भाजी बाजूला सारून तो नुसता भात खाई, आणि त्या सकाळी घेरी येऊन पडला होता. शास्ते म्हणाले, "तिंदुका, तेव्हाचा राजा तूच होतास. रोज आठवणीने तुला भाजी वाढणारी उपासिका ती सुमेखला होती. त्या उपासिकेचे आजचे आईवडील तेव्हा कंडुक आणि भद्रिका होते. पर्वतक तो मीच. आपला मान उतरवून दुसऱ्याचा जीव राखते, ती करुणा."

तिंदुकाने पात्र जवळ ओढले आणि आधी भाजीचा घास घेतला.