ढोलीघाटावरचा पहिला घास

हिरबांधच्या तलावावर डोंग्यातून उतरलं की उजव्या हाताला दगडचुन्याची गोल जोती दिसतात, पाण्याच्या काठाने ओळीने मांडलेली. नव्या पाहुण्यांना वाटतं, इथे किल्ला असेल. किल्ला नव्हता, धान्याच्या ढोल्या होत्या. आपल्याकडे घरात धान ठेवायला बांबूची, शेणामातीने लिंपलेली ढोली असते ना, तशाच या, फक्त दगडाच्या आणि ताडाहून उंच. म्हणून या जागेचं नाव ढोलीघाट. आज त्या जोत्यांवर कोणी बसत नाही, कोणी गुरं बांधत नाही. जागा सावलीची आहे, पाणी जवळ आहे, तरी ओस पडली आहे. तिची हकीकत ऐकली की पाहुणेही तिथे डबा उघडत नाहीत.

असे सांगतात की, फार पूर्वी तलावाच्या चारी अंगांच्या गावांचं धान डोंग्यांतून याच घाटाला लागे. डोंगा ढोलीच्या पायाशी उभा राही. वर मोठा रहाट होता. त्याला बांधलेल्या टोपल्या भरून वर जात, ढोलीच्या तोंडात उलट्या होत आणि रिकाम्या खाली येत. गडाच्या राजाने हे सगळं बांधवलं होतं. दर पिकाला गावागावाने आपला वाटा आणून घालायचा आणि पाऊस रुसला तर त्याच ढोल्यांतून सगळ्यांनी खायचं. नियम घरच्या ढोलीचाच होता. भरायचं वरून, काढायचं तळाच्या दारातून, म्हणजे जुनं धान आधी संपतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

पुढे उदेभान नावाचा माणूस कोठीदार झाला. त्याचं नाव घेतलं की अजूनही म्हातारी माणसं आधी थुंकतात. त्याला ढोल्या भरलेल्या दिसायला हव्या होत्या. तळाचं दार उघडलं की वरची शीग खचते, आणि शीग खचली की आपला रुबाब खचतो, असं त्याने डोक्यात घेतलं. त्याने तळाची दारं चक्क चिणून टाकली. दर वर्षी जुन्यावर नवं धान पडे आणि राजाची माणसं आली की हा त्यांना शिडीवरून वर नेऊन शीग दाखवी. तेही मान डोलावत, शेला घेत आणि जात. तळाशी काय आहे, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही.

तळाशी तलावाची ओल चढत होती. मग वास सुटला.

नाकं सगळ्या गावाला होती. तरी उदेभान म्हणाला, "हा मासोळ्यायचा वास हाये. ढिवरायनं घाट नासवला." आणि गावाला ते पटलं. पटलं कसलं, सोयीचं होतं. घाटाला लागून ढिवरांची वस्ती होती, त्यांचे डोंगे, त्यांची जाळी, सुकत टाकलेली मासोळी. ढोलीवर बोट ठेवायचं तर कोठीदाराशी वैर, राजाशी वैर. ढिवरांवर बोट ठेवायला काय लागतं?

त्या वस्तीत भिवरा नावाची बाई होती. नवरा वारलेला होता, पदरी जाई नावाची एकच लेक. डोंगा ती स्वतः वल्हवायची. गावाची बैठक भरली तेव्हा ती पुढे येऊन बोलली. "आमच्या अंगाले मासोळीचा वास येते, हे खरं हाये जी. पन हा वास आमचा नाई. तुमी ढोलीच्या भिंतीले नाक लावून पाहा ना एक डाव." ती बोलत होती तेवढा वेळ बाया पदराने नाक दाबून बसल्या होत्या. त्याच बायांनी सकाळी तिच्या टोपलीतली मासोळी घासाघीस करून घेतली होती. भिंतीला नाक लावायला कोणी उठलं नाही.

ठरलं ते असं की ढिवरांनी घाट सोडून पलीकडच्या दलदलीत जायचं. तिथे जळवा, डास आणि गुडघाभर चिखल. भिवराने चुलीचे दगड डोंग्यात घातले, जाईला वर बसवलं आणि ती निघाली. वास मात्र डोंग्यात बसून पलीकडे गेला नाही, तो घाटावरच राहिला. लोक म्हणाले, जुना मुरलेला आहे, जाईल हळूहळू. दलदलीत पहिल्याच पावसाळ्यात ढिवरांची लेकरं तापाने फणफणली. जाई वाचली, पण काडीसारखी झाली. भिवराच्या जिवाला तेव्हापासून एकच घोर होता, ही पोर जगते की नाही.

मग पाऊस रुसला. तलाव आटून मधोमध राहिला आणि गावांतले दाणे संपले. लोक ढोल्यांकडे बघायला लागले. उदेभानने रहाट चालू केला खरा, पण वरचं चांगलं धान टोपल्या भरभरून त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांकडे आणि मानकऱ्यांच्या घरी गेलं. तेही दिवसाढवळ्या, डंका पिटून, राजाचा हुकूम म्हणून. लोकांसाठी राहिलं ते त्याच्या खालचं, ओलीने नासलेलं. ते चुन्याच्या निवळीत धुतलं म्हणे, वर हळद फासली, ओवा आणि तेजपान टाकलं, मोठमोठ्या कढयांत शिजवलं, आणि दवंडी दिली की घाटावर अन्नछत्र आहे, लेकरांना आधी वाढू.

सगळ्या गावांची लेकरं पहिल्या पंगतीला बसली. त्यात जाईही होती. ढिवरांच्या मोठ्या माणसांना लांब, जोत्याखाली उभं केलं होतं. वाढप्या पहिल्या पानांवर भात घालत पुढे सरकला आणि वारा भिवराच्या अंगावरून गेला. ओवा होता, तेजपान होतं, आणि त्याच्या खाली तोच वास होता, ज्याच्यापायी तिचा घाट सुटला होता. जाईने घास उचललेला होता. भिवरा धावली, तिने लेकीच्या हातावर फटका मारला आणि दोन्ही हातांनी कढई उलथून दिली.

उपाशी लोकांसमोर तिने अन्न मातीत घातलं होतं. लोक तिच्यावर तुटून पडले. कोणी केस धरले, कोणी लाथ घातली. असे सांगतात की तिने हात वर केला नाही, फक्त ओरडून म्हणाली, "मारा मले. पन आंधी त्या कोठीदाराले एक घास खाऊ द्या. त्यानं खाल्ला तं मंग मारून टाका."

यात कोणाला काही वावगं दिसेना. एका म्हातारीने पानावरचा भात उचलून उदेभानपुढे धरला.

"मले आज उपास हाये," उदेभान म्हणाला.

माणसं झाडाची साल उकडून खात होती आणि याचा उपास होता. तोंडातलं रक्त पुसत भिवरा म्हणाली, "आमाले तं कवापासून उपास हाये जी. या, संगच सोडू."

आता माघार नव्हती. त्याने घास घेतला, तोंडाजवळ नेला, आणि ओठाला लागायच्या आत त्याला भडाभडा उलटी झाली. उलटीत पांढराशुभ्र भात पडला, आंबेमोहोर असावा तसा, सकाळीच जेवलेला. सगळ्यांनी तो पाहिला.

मग भिवराला कोणी मारलं नाही. लोक कुदळी घेऊन ढोल्यांकडे गेले. पहिल्या ढोलीचं चिणलेलं दार फुटलं, आणि आतून काळा, बुळबुळीत, आळ्यांनी वळवळणारा राडा गुडघाभर उसळला आणि घाटावरून तलावात गेला. उरलंसुरलं पाणी काळं पडलं. तळ्यातल्या मासोळ्या पांढरी पोटं वर करून तरंगल्या आणि कुजल्या. ढिवरांची मासोळी घाटावर खरोखर कुजली ती तेव्हा, आणि तेव्हा कोणी अक्षर काढलं नाही. सगळ्या गावांनी मिळून ढोल्या पाडल्या, पार जोत्यापर्यंत. उदेभानचं काय झालं याच्या चार हकीकती आहेत. कोणतीही खरी धरा, त्याच्यासाठी इथे कोणी रडलं नाही. सोयऱ्यांच्या घरचं धान लोकांनी ओढून आणलं आणि त्यावर, कमळाची मुळं उकडून खात, ते वर्ष कसंबसं काढलं. जाई जगली.

पाऊस आल्यावर पंच भिवराकडे दलदलीत गेले. घाटावरची जागा परत घे, म्हणाले, आणि आणखी काय पाहिजे ते माग. तिने दागिना मागितला नाही की शेत मागितलं नाही. ती म्हणाली, "या घाटावर पंगत बसन तवा शिजलेलं अन्न आंधी माह्या घरची बाई हुंगन. मंग घरधन्यानं सगळ्यायच्या देखत पयला घास आमच्या हातून खायचा. मंगच वाढायचं." पंचांनी तलावाचं पाणी हातात घेऊन शब्द दिला.

आजही ढोलीघाटावर, ती जोती सोडून मांडव पडतो, लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, भिवराच्या वंशातल्या बाईला बोलावणं जातं. मासोळी निवडता निवडता ती हात धुऊन येते, भाताच्या पातेल्यावर वाकते, हुंगते आणि म्हणते, "बरं हाये." मग आपल्या हाताने यजमानाच्या तोंडात पहिला घास घालते. वाजंत्री वाजतात, फोटो निघतात. आणि आजही कितीतरी यजमान तो घास गालात धरून ठेवतात, ती बाई पाठमोरी झाली की मांडवामागे जाऊन थुंकतात आणि चूळ भरून परत येतात. सगळ्या पंगतीला ते दिसतं. पंगत खाली मान घालून जेवत राहते.