चार बोटं मागे

यंत्रांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. माळेवाडीच्या ट्रॅक्टरला आपल्या चाकांच्या खुणांचा मोठा गर्व होता. तो मुद्दाम रस्त्यावरच्या चिखलातून जायचा आणि म्हणायचा, "बघा, मी गेलो ते साऱ्या गावाला दिसतं!"

चिखल वाळला आणि त्या खुणांचे गुडघाभर चर झाले. त्याच दिवसांत केसर बाळंतपणाला अडली. दवाखान्याची गाडी चर बघून वेशीवरच थांबली.

केसरची सासू धुरपदाबाई तडक शेडमध्ये आली. रस्ता सपाट करायचं लोखंडी पातं तिथं पडून होतं. "चल, मागं ये. हे जोडायचंय," ती ट्रॅक्टरला म्हणाली.

ट्रॅक्टर मागं आला, पण चार बोटं अलीकडेच थांबला. भोकाला भोक जुळेना, पिन बसेना.

"त्यालाच पुढं यायला सांगा. माझ्या खुणा पुसणाऱ्याकडं मी का जाऊ?"

"मला चाकं नाहीत, दादा," पातं म्हणालं.

म्हातारी कडाडली, "चाकं तुला, इंजिन तुला, आणि यायचं त्यानं? मेल्या, माझी सून तळमळतीय, ती कुणाच्या चरांपायी?"

घरातून केसरचं कण्हणं ऐकू आलं. ट्रॅक्टर चार बोटं मागं सरला. पिन नुसत्या हातानं आत गेली.

पात्यानं वेशीपर्यंतचे चर बुजवले. केसरला घेऊन गाडी निघाली, तेव्हा ट्रॅक्टर बाजूच्या गवतात उभा होता. ताज्या मातीवर आपलं चाक उमटू नये, म्हणून.